कार्ड येण्याआधी

वसई-विरार पट्ट्यात गेमिंग पीसी सहसा दोन हप्त्यांत घरी येतो. आधी येतो तो डबा: कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस. ग्राफिक्स कार्डाची खाच रिकामी राहते. ते कार्ड दिवाळीच्या बोनसवर, बारावीच्या निकालावर, मोठ्या भावाच्या पहिल्या पगारावर किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या सेकंडहँड मालाचा भाव उतरण्यावर सोडलेलं असतं. मधले काही आठवडे, कधी काही महिने, नालासोपाऱ्यातल्या वन रूम किचनच्या कोपऱ्यात तो डबा कार्डाविना चालत राहतो आणि मालकाचे हात शिवशिवत असतात. बायोसमध्ये शिरून आकडे वाढवून बघायची हुक्की येते ती नेमकी याच दिवसांत. ही पुस्तिका त्या दिवसांसाठी लिहिली आहे.

कार्ड बसवण्याआधी ओव्हरक्लॉक करण्यात अर्थ काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. गेम तर कार्डावर चालतो. नुसतं फ्रेमचं गणित मांडलं तर उत्तर ‘फारसा अर्थ नाही’ असंच येईल, आणि ते मी लपवणार नाही. तरीही माझ्या मते हा काळ वाया घालवण्यासारखा नाही. कारण मशीनमध्ये संशय घ्यायला जितके भाग कमी, तितकं ते मशीन ओळखणं सोपं. प्रोसेसर आणि रॅम यांचा निकाल कार्ड यायच्या आत लावून टाकावा, म्हणजे उद्या गेम मध्येच बंद पडला तर कोणाची मानगूट धरायची ते ठाऊक असतं. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

मुळात वेग वाढवायला जागा असते ती कशी, ते आधी सांगायला हवं. एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिप्स सारख्या नसतात. एक कमी व्होल्टेजवर वेगाने पळते, दुसरी तेवढ्याच वेगाला धापा टाकते. कंपनी प्रत्येक चिप तपासते आणि तिच्यावर असा आकडा छापते, जो स्वस्तातल्या कूलरवर, उकाड्यात, पाच-सहा वर्षं वापरल्यावरही टिकेल. छापलेला आकडा आणि चिपची खरी ताकद यांच्यामधली जी फट, तिच्यात शिरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. तुमच्या चिपमध्ये ही फट किती आहे ते कोणी दुकानदार सांगू शकत नाही. ते ज्याचं त्याला शोधावं लागतं, म्हणून तर या प्रकाराला सिलिकॉनची लॉटरी म्हणतात.

या हौसेचा सुवर्णकाळ १९९८ सालचा. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. ६६ मेगाहर्ट्झची बस, तिला साडेचारने गुणायचं, झाले ३००. गुणकाला कंपनीने कुलूप घातलं होतं, पण बस मोकळी होती. ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड घेऊन बस ६६ वरून १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे थेट दीडपट. त्याच महिन्यात आलेला पेंटियम टू ४५० कितीतरी महाग होता. सेलेरॉनची कॅश मेमरी जेमतेम १२८ केबी, पण ती चिपवरच असल्याने पूर्ण वेगाने धावायची. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी असली तरी वेग निम्मा. परिणामी बऱ्याच गेममध्ये गरिबाचा प्रोसेसर श्रीमंताच्या मांडीला मांडी लावून बसला. ओव्हरक्लॉकिंगची आज जी काही दंतकथा आहे, ती बरीचशी या एका चिपने घडवली.

त्याच काळातली एक गोष्ट मात्र दंतकथेत सांगितली जात नाही. बस मधल्याच आकड्यावर, म्हणजे ७५ किंवा ८३ वर अडकली तर तिच्या मागे बांधलेली पीसीआय बसही ३३ सोडून ३७, ४१ अशी वर जायची. प्रोसेसर खूश असायचा आणि हार्ड डिस्कवरच्या फायली बिघडायच्या. आजच्या बोर्डांवर त्या बसच्या जागी १०० मेगाहर्ट्झचं बेस क्लॉक आहे आणि काही बोर्डांवर ते हलवताही येतं. कार्ड नसताना ते १०३, १०४ वर नेलं तर कदाचित काहीच बिघडलेलं दिसणार नाही. पुढे कार्ड येतं, त्याच घड्याळावर बांधलं जातं आणि पडदा काळा व्हायला लागतो. दोष नव्या कार्डाला दिला जातो. म्हणून या पुस्तिकेत बेस क्लॉकवर प्रकरणच नाही. ते १०० वर ठेवा.

दीडपटीचे दिवस गेले, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर इंटेलने टर्बो बूस्ट आणलं आणि फटीतला वेग चिप स्वतःच उचलायला लागली. एएमडीचं प्रिसिजन बूस्ट तेच करतं. आजचा प्रोसेसर तापमान, वीज आणि व्होल्टेज बघून सेकंदाला कित्येकदा स्वतःला ओव्हरक्लॉक करत असतो. तुमच्या वाट्याला उरतात ते जेमतेम काही टक्के, आणि त्यांची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे वीज आणि उष्णता ३३ टक्क्यांनी वर. दहाला तेहेतीस हा सौदा पुण्याच्या जानेवारीत कदाचित परवडेल, विरारच्या मे महिन्यात नाही.

मग कार्डाविना चालणाऱ्या डब्यात करण्यासारखं काय उरतं? रॅम. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण इथला फायदा खरोखर डोळ्यांना दिसतो.

२०२१ आठवा. क्रिप्टोच्या खाणकामाने आणि कोविडमधल्या टंचाईने ग्राफिक्स कार्डांचा बाजार इतका चढला होता, की त्या फेब्रुवारीत ३२९ डॉलर किंमत जाहीर करून आलेलं आरटीएक्स ३०६० त्या भावाला जगात कुठे धड मिळत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीचा रायझन ५ ५६००जी किरकोळ बाजारात आला. सहा कोअर, ६५ वॅट आणि आतच वेगा घराण्याची सात युनिटांची ग्राफिक्स चिप. कार्डाची वाट बघणाऱ्यांनी तो उचलला आणि ‘आत्ता यावर भागवू, कार्ड नंतर’ ही रीत पक्की झाली. व्हॅलोरंटसारखा गेम तर ३० फ्रेमसाठी इंटेलची जुनी एचडी ४००० ग्राफिक्सही चालवून घेतो. त्याचा सर्व्हर मुंबईतच, त्यामुळे पिंगची कटकट नाही. वसईच्या पोराला संध्याकाळचे दोन तास खेळायला एवढं पुष्कळ होतं.

अशा चिपची अडचण गणितापेक्षा मेमरीची असते. कार्डाला स्वतःची मेमरी असते. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी डेटा वाहतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तसं काही नसतं, तिला बोर्डावरच्या साध्या रॅमवरच गुजराण करावी लागते. डीडीआर४ ३२०० च्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये लावल्या तर मिळतात सेकंदाला ५१.२ जीबी, एकच पट्टी लावली तर त्याच्या निम्मे. आणि तेही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायचे. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं, असा तो संसार. इथे नळाची धार वाढवली की दोन्ही घरं सुखी होतात, म्हणून कार्ड येईपर्यंत रॅमच्या वेगाला जितकं महत्त्व असतं तितकं नंतर कधीच राहत नाही.

पण धार वाढवणं दूरच, आमच्याकडच्या कित्येक डब्यांत मूळ धारही चालू नसते. रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं, पण बोर्डात खोचल्यावर ती २१३३, २४०० किंवा २६६६ अशा कुठल्यातरी साध्या सरकारी वेगावर उठते. पाकिटावरचा वेग हा कंपनीने आधीच आखून दिलेला ओव्हरक्लॉक असतो आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ बरोबर त्याची सोय केली, तिचं नाव एक्सएमपी. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो नावाने आपली सोय आणली. दुकानात मशीन जोडून देणारा मुलगा घाईत असतो, विंडोज पडदा दाखवतो आणि पैसे घेतो. पैसे ३२०० चे मोजलेले, चालते २४००, आणि हे दोन-दोन वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. रॅमचे भाव पाहता हा तोटा क्षुल्लक नाही. दुसरी तशीच चूक म्हणजे स्वस्तात पडते म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेणं. कार्ड नसेल तर आठ-आठच्या दोन घ्या, यावर वाद नको.

आतली ग्राफिक्स चिपही ओव्हरक्लॉक करता येते. ५६००जी मधली १९०० मेगाहर्ट्झची असते आणि पुष्कळदा २२०० च्या आसपास जाते. मजा म्हणून करायला हरकत नाही. मात्र त्यासाठी जे एसओसी व्होल्टेज वाढवावं लागतं, त्याच्याशी खेळताना २०२३ आठवावं. त्या एप्रिलमध्ये रायझन ७००० थ्रीडी मालिकेतल्या काही चिप्स बोर्डावरच जळाल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड हे व्होल्टेज बेसुमार चढवत होते. शेवटी एएमडीने त्या पिढीच्या बोर्डांना १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ‘ऑटो’ असं लिहिलेलं असलं म्हणजे सुरक्षित, हा समज तेव्हा पुसला गेला. बोर्डाला जो आकडा ऑटो वाटतो तो किती आहे, हे दर वेळी स्वतः वाचायचं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. २०२४ च्या सुरुवातीला इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे महागडे प्रोसेसर वापरणाऱ्यांच्या मशीनवर अनरिअल इंजिनाचे गेम सुरू होताच बंद पडायला लागले. पडद्यावर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी संपली. २४ जीबीचं कार्ड लावलेल्यांनाही हाच संदेश. साहजिकच लोकांनी कार्डाला दोष दिला, ड्रायव्हर बदलले, कार्डं परत केली. चूक प्रोसेसरची होती. गेमच्या फायली उलगडताना तो चुकीचं उत्तर देत होता, आणि चुकलेल्या उत्तराचा अर्थ गेम आपल्या परीने लावत होता. एनव्हिडियाने लोकांना ‘इंटेलकडे जा’ असं सांगितलं. इंटेलने त्या जुलैमध्ये कारण मान्य केलं, की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने झिजत होती. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी बायोसमध्ये बोटही लावलं नव्हतं त्यांच्या घरची ही गोष्ट. स्वतः आकडे बदलणाऱ्याने तर आपला प्रोसेसर बरोबर उत्तरं देतो की नाही याची खात्री कार्ड घरात यायच्या आत करून ठेवावी.

ती खात्री करण्याचं सर्वांत जुनं हत्यार मोठं गमतीशीर आहे. प्राइम९५ हा प्रोग्रॅम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये लिहिला तो मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या गुणाकारात एक बिट चुकला तर सगळं मुसळ केरात, म्हणून प्रोग्रॅममध्ये मशीनची परीक्षा घेण्याची सोय ठेवली. मशीनला असं गणित द्यायचं ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, आणि जुळतं का ते बघायचं. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. जगभर हजारो लोक मूळसंख्येशी काडीचं घेणंदेणं नसताना प्राइम९५ चालवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली आजवरची सर्वांत मोठी मूळसंख्या, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची, मात्र प्रोसेसरवर सापडली नाही. ती ग्राफिक्स चिपने शोधली. म्हणजे इथेही शेवटी कार्डच जिंकलं.

प्राइम९५ प्रोसेसरसाठी, मेमटेस्ट८६ रॅमसाठी. पहिलं विंडोजमध्ये चालतं, दुसरं पेनड्राइव्हवरून विंडोजच्या आधीच. यावरून एक नियम निघतो आणि तो मोडणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत: विंडोज टाकायचं ते सगळं मूळ सेटिंगवर असताना. रॅम डळमळीत असताना विंडोज टाकलं तर फायली कॉपी होतानाच बिघडतात आणि त्या चुका पुढे सेटिंग सुधारलं तरी तशाच राहतात. मग वर्षभर अधूनमधून निळा पडदा येतो आणि कोणालाच कारण सापडत नाही. आधी मूळ सेटिंगवर मेमटेस्ट, मग विंडोज, मग एक्सएमपी, मग पुन्हा मेमटेस्ट, आणि त्याच्यानंतर हवी तर प्रोसेसरची खोडी. एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण लिहिलेलं बरं.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्याला याचा रोकडा फायदा आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डाने नाणी काढण्याचा मोठा धंदा एका दिवसात बसला. ती राबलेली कार्डं बाजारात आली आणि हात बदलत अजूनही फिरत आहेत. त्यातली बरीच चांगली चालतात, काही चालत नाहीत. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. फास्टने मुंबई सेंट्रलला उतरून एक स्टेशन स्लोने ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडची पायपीट, ज्याची पाटी आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी आहे. एवढं करून आणलेल्या कार्डावर दुकानदार टेस्टिंग वॉरंटी देतो ती चार-आठ दिवसांची. त्या दिवसांत गेम अडखळला तर ‘हे कार्ड खराब आहे’ असं ठामपणे म्हणता आलं पाहिजे. ज्याचा प्रोसेसर आणि रॅम आधीच तावून सुलाखून झाले आहेत, त्यालाच ते म्हणता येतं. बाकीचे लोक दोन आठवडे अंदाज बांधत बसतात, तोवर मुदत संपते.

कार्ड आल्यावर काय बदलतं, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही. सर्वांत आधी बदलते ती हवा. ६५ वॅटच्या प्रोसेसरशेजारी १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० बसलं की कॅबिनेटमधली उष्णता तिपटीहून वाढते, आणि कार्डाने ओकलेली ऊन हवा प्रोसेसरच्या कूलरमध्ये शिरते. कार्डाविना ७५ अंशांवर सुखात असलेला प्रोसेसर गेम चालू असताना कुठे जातो ते पुन्हा बघावंच लागतं. रॅमही तापते आणि तापलेली रॅम चुका करते. दुसरं म्हणजे एसएमपीएस. कार्ड नसताना अख्खा डबा शंभर-दीडशे वॅटांत भागतो, त्यामुळे हलक्या एसएमपीएसचं पितळ उघडं पडत नाही. ते कार्ड आल्यावर पडतं. एसएमपीएस घ्यायचा तो पुढे येणाऱ्या कार्डाचा हिशोब करून, आणि या एका वस्तूत काटकसर करू नये. आतल्या ग्राफिक्ससाठी बायोसमधून बाजूला काढलेली एक-दोन जीबी रॅम परत घ्यावी, वाढवलेलं एसओसी व्होल्टेज खाली आणावं. आणि हो, मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावावी. हसू नका, नवं कार्ड लावून ‘काही फरकच नाही पडला’ म्हणणाऱ्यांची केबल आधी बघायची, हा इथल्या प्रत्येक रिपेअरवाल्याचा पहिला नेम आहे.

थोडक्यात, कार्डाआधी जे केलं ते पक्कं, पण त्याच्यावर शिक्का कार्ड आल्यावर पुन्हा मारायचा.

बाहेरचे व्हिडिओ बघून आकडे लावणाऱ्यांना वसईची हवा आडवी येते. तिकडचा माणूस २१-२२ अंशांच्या खोलीत बसून सांगतो की प्रोसेसर ७० अंशांवर राहिला. पंखा असो की पाण्याचा कूलर, तो खोलीच्या तापमानाच्या खाली काही नेऊ शकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा टॉप फ्लोअरच्या खोलीत ३४-३५ अंश सहज असतात, म्हणजे तोच कूलर, तीच चिप आणि आकडा ८३-८४. ५६००जी ची मर्यादा ९५. गेमपेक्षा स्ट्रेस टेस्टमध्ये आणखी वर जातं. थंडीत रात्री बसवलेलं ओव्हरक्लॉक एप्रिलच्या दुपारी पुन्हा तपासा, नाहीतर ते फक्त थंडीपुरतं आहे असं समजा. म्हणूनच या पुस्तिकेत मी वेग चढवण्यापेक्षा व्होल्टेज उतरवण्यावर जास्त पानं दिली आहेत. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. त्यात प्रत्येक कोअरला थोडं कमी व्होल्टेज द्यायचं, चिप थंड राहते आणि थंड राहिल्यामुळे स्वतःहूनच जास्त वेळ वरच्या वेगावर टिकते. आपल्या हवामानातलं खरं ओव्हरक्लॉकिंग हेच, असं माझं मत आहे. स्थिरतेची परीक्षा इथेही तितकीच कडक घ्यावी लागते, कारण व्होल्टेज फार उतरवलं तरी चिप चुकतेच.

दमट हवेची भीती मात्र लोक चुकीच्या ठिकाणी बाळगतात. चालू मशीनवर दव धरत नाही, कारण त्यातले भाग हवेपेक्षा गरम असतात. पावसाळ्यात इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्याच्या खाली काही थंड केलं तरच पाणी सुटतं. त्यामुळे बर्फ, पेल्टिअर असले प्रयोग जून ते सप्टेंबर तरी मनातही आणू नयेत. खरा त्रास बंद पडून राहिलेल्या डब्याला होतो. अर्नाळा, राजोडी, भुईगावच्या बाजूला खारं वारं, त्यात धूळ, आणि ती ओलसर धूळ बोर्डावर बसून राहते. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालवा आणि महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

विजेबद्दल दोन गोष्टी. पहिली अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार इथल्या जुन्या चाळींत आणि घाईने उभ्या राहिलेल्या इमारतींत नेहमीची. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या डब्यावर २३० च्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच अवस्थेत कार्ड खोचणं किंवा रॅम काढणं शहाणपणाचं नाही. कूलर आणि कार्डावर खर्च करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तिसरी पिन खरोखर जमिनीत जाते का ते बघून घ्या. दुसरी गोष्ट बायोस अपडेटची. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी होतं आणि वसई-विरारचे मोठे भाग अंधारात होते. एवढं टोकाचं दरवर्षी होत नसलं तरी पावसाळ्यात दिवे जातात हे काही गुपित नाही. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्ड दगड होऊ शकतो. ते काम यूपीएसवर करा किंवा बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. यूपीएस घेताना तो तुमच्या एसएमपीएसशी जुळतो का तेही विचारा, कारण अॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायरी-पायरीच्या लहरीवर बंद पडतात.

खरेदीबाबत थोडंच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात ‘एफ’ आहे त्यात ग्राफिक्स नसतं, कार्डाविना पडद्यावर काहीच येणार नाही. रायझन ५६००एक्सचंही तेच. इंटेलमध्ये गुणक उघडा हवा तर ‘के’ आणि सोबत झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीमध्ये बी किंवा एक्स मालिकेचा बोर्ड पुरतो, ए मालिकेवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ओव्हरक्लॉक केल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं दोन्ही कंपन्या लेखी सांगतात, आणि ट्रेमधला सुटा प्रोसेसर घेतला असेल तर कंपनीची वॉरंटी मुळातच नसते. बिल जपून ठेवा.

या पुस्तिकेत विक्रम नाहीत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये द्रवरूप हेलियम ओतून आय९ १३९००के हा प्रोसेसर नऊ गिगाहर्ट्झच्या पलीकडे नेला गेला, ते वाचायला छान आहे. पण तो काही क्षणांचा खेळ होता, त्यावर कोणी गेम खेळत नाही. इथे बसून ज्यांना संध्याकाळी खेळायचं आहे, सकाळी त्याच मशीनवर कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा एखाद्या हळदीच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचं आहे, त्यांच्यासाठी ही पानं आहेत. त्यांच्या दृष्टीने पाच टक्के वेगापेक्षा न बिघडलेली फाइल मोलाची.

पुढची प्रकरणं सवडीने वाचा. त्याआधी एक काम आजच करा. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोस उघडा आणि रॅमसमोर कोणता आकडा लिहिला आहे ते बघा. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा तो कमी असेल तर एक्सएमपी चालू करा, सेव्ह करा आणि मेमटेस्ट लावा. एकही चूक न येता ती पूर्ण झाली, तर कार्ड आणायला निघायला हरकत नाही.